मदत हवी आहे: फॅमिली ट्रीमध्ये मावशीला बसवायचं कुठे?

भाचीला शाळेतून फॅमिली ट्रीचा प्रोजेक्ट आलाय. छापील कागद, खोडावर तिचा फोटो, वर आई-बाबांचे दोन चौकोन, त्यावर आजी-आजोबांचे चार, बस्स. आता ताई एकटीच मूल वाढवतेय आणि तिची मैत्रीण (भाची तिलाच मावशी म्हणते) कित्येक वर्षं त्यांच्यासोबतच राहते, अभ्यास घेणं, आजारपणात रात्र जागणं, पालकसभेला जाणं सगळं तीच करते, आणि पोरगी हटून बसलीय की मावशीचा फोटो नसेल तर प्रोजेक्टच देणार नाही! (बरोबरच आहे तिचं.)

जरा शोधलं तर जॉर्ज मर्डॉक या मानववंशशास्त्रज्ञाची १९४९ची व्याख्या सापडली, एकत्र राहणं, मिळून संसार चालवणं आणि मुलं होणं म्हणजे कुटुंब. पहिल्या दोन गोष्टींत मावशी आरामात बसते, पण पुढे त्यात स्त्री-पुरुष दोघंही हवेतच असं आहे, म्हणजे ताईचं अख्खं घरच बाद की! दुसरीकडे समुपदेशक जेनोग्राम नावाची आकृती काढतात, त्यात एका घरात राहणाऱ्यांभोवती तुटक रेघ मारतात, मग रक्ताचं नातं असो नसो. मला हे पटलं, पण लहान मुलीला झेपेल असं कसं काढायचं?

इथे कोणी शिक्षक असतील तर प्लीज सांगा, कागद बदलला तर मार्क कापतात का? आणि बाबांचा चौकोन रिकामा ठेवायचा की सरळ काढूनच टाकायचा? ताई म्हणते बाईंशी आधी बोलू, मला वाटतं थेट करून द्यावं. सोमवारी द्यायचंय, लवकर सुचवा.