मोहल्ला समितीच्या बैठकांनी दंगल खरोखर टळते का?

धोटा :
गणेशोत्सव किंवा ईद जवळ आली की पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक भरते. दोन्हीकडची तीच पाच-पंचवीस वजनदार माणसे येतात, सहकार्याचे आश्वासन देतात आणि छायाचित्र काढून घरी जातात. तेवढ्यावरून एकत्र बसणेच निरुपयोगी ठरवणाऱ्यांना मी भिवंडीची आठवण करून देतो. मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीतून पेटलेले आणि १९८४ मध्ये पुन्हा होरपळलेले हे शहर, डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई जळत असताना बव्हंशी शांत राहिले. त्याआधीच्या काही वर्षांत पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथे सुमारे ७० मोहल्ला समित्या उभ्या केल्या होत्या. त्यांत पुढाऱ्यांपेक्षा साध्या रहिवाशांवर भर होता आणि त्या भागाचा पोलीस अधिकारी त्यांच्यासोबत बसत असे. व्यापाराने माणसे आपोआप जवळ येतात असे म्हणतात. पण सूत विकणारा, माग चालवणारा आणि मागावर राबणारा हे भिवंडीत पूर्वीपासून एकमेकांवर अवलंबून होतेच, तरीही १९७० आणि १९८४ घडले. नियमित भेटीचा धागाच तेवढा नव्हता. नळावरचे भांडण ज्याच्यासोबत बसून मिटवले, त्याच्याविषयीची अफवा कानी आली तर आपण आधी त्यालाच विचारायला जातो. वर्षभर भरणाऱ्या बैठकीचे काम एवढेच आहे आणि ते फार मोठे आहे.

साक्ष :
आपला हेतू मला मान्य आहे, मांडणी मान्य नाही. मुंबईच्या त्या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने त्या दोन महिन्यांत ९०० माणसे मेल्याची नोंद केली आणि काही पोलिसांच्या वर्तनावर थेट ठपका ठेवला. अहवाल फेब्रुवारी १९९८ मध्ये सादर झाला, आणि बेपत्ता माणसांच्या वारसांना शोधून भरपाई द्या असे राज्याला सांगण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाला नोव्हेंबर २०२२ उजाडावा लागला. ज्या बाईचा नवरा तीसहून अधिक वर्षांपूर्वी घराबाहेर पडला आणि परतला नाही, तिला आपण सतरंजीवर बसवून सलोख्याविषयी काय सांगणार आहोत? न्याय मिळालेला नसताना भरवलेली बैठक दुखावलेल्या माणसाकडून गप्प राहण्याचे वचन घेते. शिवाय निमंत्रक पोलीसच असतील, तर ज्याची तक्रार पोलिसांविरुद्ध आहे तो तिथे तोंड उघडणार नाही.

वंजारपट्टी :
भिवंडीचा दाखला अर्धाच दिला गेला आहे. जुलै २००६ मध्ये याच शहरात कब्रस्तानालगतच्या जागेवर पोलीस ठाणे बांधण्यावरून वाद पेटला, पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली आणि दोन पोलिसांची हत्या झाली. तेव्हाचा वाद दोन धर्मांतला नव्हता, तो लोक आणि पोलीस यांच्यातला होता, म्हणजे ज्या दोघांना समितीने एकत्र बसवायचे त्यांच्यातलाच. एका अधिकाऱ्याच्या तळमळीवर उभी राहिलेली व्यवस्था त्याच्या बदलीनंतर किती टिकते, हा प्रश्न धोटा यांनी टाळू नये.

धारावीकर :
मुंबईत १९९३ नंतर जी मोहल्ला समिती चळवळ उभी राहिली, तिच्यामागे माजी पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो, तत्कालीन पोलीस आयुक्त सतीश साहनी आणि सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे होत्या. आमच्या धारावीत भाऊ कोरडे आणि वकार खान या दोन मित्रांनी हे काम पुढे नेले. आमच्या गल्लीतल्या सुरुवातीच्या बैठकांत दंगलीचा उल्लेखही होत नसे. रेशन, संडासांची सफाई, मुलांचे दाखले, एवढेच विषय असत आणि मला तेव्हा त्याची चीड येई. पुढे एका बैठकीत एका शेजारणीने आपले शिलाई मशीन कोणी जाळले ते सांगितले, आणि ज्याच्याविषयी ती बोलत होती त्याची आई तिथेच बसलेली होती. कोणी क्षमा मागितली नाही, कोणी केली नाही. पण त्या दोघी पुढच्या महिन्यातही आल्या. साक्ष यांना मी सांगेन की आमच्याकडून गप्प राहण्याचे वचन कोणी घेतले नाही. बोलण्याइतका धीर यायला तेवढे महिने लागले.

धोटा :
वंजारपट्टी यांचा आक्षेप मी स्वीकारतो. निमंत्रण रहिवाशांकडून जावे, पोलीस अधिकाऱ्याने पाहुणा म्हणून यावे, आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या असाव्यात, कारण पोलीस ठाण्यातील बैठकीला त्या जवळपास नसतातच. साक्ष यांच्याशी मात्र माझा मतभेद कायम आहे. बेपत्ता १६८ जणांपैकी १०८ जणांच्या कुटुंबांना भरपाई मिळाली नव्हती, आणि पत्ते सापडत नाहीत, कागदपत्रे अपुरी आहेत, अशी कारणे राज्याने न्यायालयाला दिली होती. हे पत्ते कोणाला ठाऊक असतील? समोरच्या खोलीतल्या म्हातारीला, कोपऱ्यावरच्या दुकानदाराला, जुन्या भाडेकरूला. न्यायाचे हे काम मोहल्ल्यातली बैठकच करू शकते.

साक्ष :
बैठकीच्या विषयपत्रिकेवर बेपत्ता माणसांची ती यादी पहिल्या क्रमांकावर असेल तर मी येईन. त्या दिवशी पोलीस अधिकारी पाहुणा म्हणूनही तिथे नसावा, हा माझा आग्रह मात्र राहील.