रोजच्या धावपळीत वचनवाचन, प्रार्थना, उपास: काय धरावं आणि किती?

पहाटदिवा (प्रश्न)

सर्वांना सलाम. घरात दोघांच्याही नोकऱ्या आणि दोन लहान मुलं. सकाळी २० मिनिटं मिळतात, रात्री १०, शिवाय प्रवासाचा तासभर. वर्षात पूर्ण बायबल वाचायची योजना दर वेळी लेवीय या तिसऱ्या पुस्तकात थांबते. वचनं पाठ करणं, रात्रीचं आत्मपरीक्षण, उपास, शब्बाथ (आठवड्याचा विसाव्याचा दिवस) हे सगळं एकदम सुरू केलं की पंधरवड्यात सगळंच बंद पडतं.

विचारायचं आहे ते असं: एवढ्या वेळात कशाने सुरुवात करावी? किती वाचावं? मन भरकटलं की काय करावं? कृपया "देव मार्ग दाखवील" एवढ्यावर थांबू नका, प्रत्यक्ष करण्याजोगं सांगा.

मोहरीदाणा

एकाच गोष्टीने सुरुवात करा आणि सहा आठवडे तीत दुसरं काही मिसळू नका. सकाळचं वचन आणि प्रार्थना ही ती गोष्ट. बाकीचं सगळं यावर उभं राहतं, म्हणून हा क्रम.

आता लेवीयाचं. बायबलचे ११८९ अध्याय आहेत, म्हणजे रोज सव्वातीन. मोठ्याने वाचलं तर तुमची बहुतेक वीस मिनिटं त्यातच जातात आणि प्रार्थनेला काही उरत नाही. त्यात योजना तारखांना बांधलेली. एक दिवस मूल तापलं की दुसऱ्या दिवशी साडेसहा अध्याय, तिसऱ्या दिवशी दहा. वाचन तुटतं ते बहुतेक वेळा या थकबाकीने, आळसाने नव्हे.

बायबलच्या दुसऱ्या भागाचे, म्हणजे नव्या कराराचे, अध्याय २६०. आठवड्याला पाच धरले तर ५२ आठवड्यांत नेमके पूर्ण होतात आणि दर आठवड्याला दोन दिवस मोकळे राहतात. चुकलेलं त्या दोन दिवसांत भरून काढा. त्यातूनही राहिलं तर सोडून द्या, पुढच्या आठवड्यात ओढू नका. सुरुवात मार्कपासून करा. सोळाच अध्याय आहेत, साधारण तीन आठवड्यांत एक शुभवर्तमान (येशूचं चरित्र) पूर्ण होतं. जुना करार दुसऱ्या वर्षी घ्या, आणि लेवीय आला की जोडीला इब्री लोकांस पत्राचे ९ आणि १० हे अध्याय वाचा. अर्पणांचे नियम कशाकडे बोट दाखवतात हे तिथे उलगडतं, मग तो भाग रुक्ष वाटत नाही.

वीस मिनिटांची वाटणी साधारण अशी: दोन मिनिटं नुसतं शांत बसणं, सात मिनिटं अध्याय मोठ्याने वाचणं, पाच मिनिटं त्यातल्या एकाच वाक्यापाशी थांबणं, पाच मिनिटं त्या वाक्यावरून देवाशी बोलणं, आणि उरलेल्या मिनिटात वहीत एक ओळ. मोठ्याने वाचा असं मुद्दाम म्हणतो, कारण डोळे ओळी गाळतात, जिभेला तसं करता येत नाही.

त्या एका वाक्यापाशी थांबणं ही जुनी रीत आहे. बाराव्या शतकात गीगो दुसरा या कार्थूसी (एकांतात राहणाऱ्या ख्रिस्ती संघातल्या) संन्याशाने तिच्या चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना, आणि शब्दांविना देवाच्या सान्निध्यात राहणं. त्याची उपमा जेवणाची आहे. वाचनाने घास तोंडात जातो, मननाने चावला जातो, प्रार्थनेने त्याची चव कळते, आणि शेवटची पायरी म्हणजे ती गोडीच. बिघडतं ते बहुधा दुसऱ्या पायरीवर. माणूस मनन करायच्या ऐवजी भाष्य शोधू लागतो, किंवा हे वचन अमक्याला कसं लागू पडतं याचा विचार करतो. भाष्य जरूर वाचा, पण त्याची वेळ वेगळी ठेवा. इथे प्रश्न एकच: हे वाक्य आज मला काय म्हणतं?

बायबल कागदी घ्या आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. फोनवरच वाचायचं असेल तर आधी विमान मोड लावा, मग बायबल उघडा. उलट क्रमाने केलं तर मधल्या दहा सेकंदांत एखादा निरोप दिसतोच.

आणि शब्द सुचत नसतील तेव्हा स्तोत्रसंहिता, म्हणजे बायबलमधली १५० स्तोत्रं. आजची तारीख घ्या, तिच्यात तीस-तीस मिळवत जा. १२ तारीख असेल तर स्तोत्रं १२, ४२, ७२, १०२ आणि १३२. पाचही चाळा, त्या दिवसाच्या मनःस्थितीशी जुळणारं एक निवडा आणि तेच आपली प्रार्थना म्हणून म्हणा. २९ तारखेच्या वाट्याला ११९ वं येतं. ते १७६ वचनांचं आहे, त्यामुळे ते ३१ तारखेसाठी राखून ठेवलेलं बरं.

जैतूनसावली

वरच्या उत्तराशी सहमत. प्रवासाच्या तासाबद्दल थोडं जोडते.

वचनं पाठ करायला तो वेळ उत्तम. सुटी वचनं गोळा करू नका, संदर्भ तुटतो आणि महिन्याभरात सगळी एकमेकांत मिसळतात. एक लहान पत्र घ्या. फिलिप्पैकरांस पत्राची वचनं १०४ आहेत, आठवड्याला दोन म्हणजे वर्षात पूर्ण पत्र तोंडपाठ. वचनाआधी आणि नंतर, दोन्ही वेळा अध्याय-वचनाचा आकडा म्हणायचा. पहिल्या दिवशी वचन हाताने लिहा. दुसऱ्या दिवशी प्रत्येक शब्दाचं फक्त पहिलं अक्षर चिठ्ठीवर लिहा आणि त्यावरून म्हणा. चौथ्या दिवशी चिठ्ठी खिशातच राहू द्या. नवं वचन आठवडाभर रोज, पुढचा महिना आठवड्यातून एकदा, त्यानंतर महिन्यातून एकदा. उजळणी थांबवून नवीन वचनं घेत गेलात तर मागचं निसटतं. भाषांतरही मध्येच बदलू नका. शब्दांचा क्रम बदलला की स्मरण अडखळतं.

डोकं थकलेलं असेल त्या दिवशी पाठांतर नको, येशूची प्रार्थना करा: "प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर." पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत (चर्चमध्ये) ती शतकानुशतकं चालत आली आहे. तिचं मूळ लूकच्या १८ व्या अध्यायात सापडतं, जकातदाराच्या आणि आंधळ्या भिकाऱ्याच्या हाकेत. गाठी मारलेली लोकरीची दोरी वापरतात, बहुधा ३३, ५० किंवा १०० गाठींची, पण बोटांवर मोजलं तरी चालतं. सावकाश, अर्थ मनात धरून, पन्नासदा. आकडा वाढवण्यात काही मिळवायचं नसतं, मोजणी फक्त मन एका जागी राहावं म्हणून. श्वासाशी ताल जुळवायच्या रीती पुस्तकात वाचून स्वतःहून करू नका. ऑर्थोडॉक्स गुरूही अनुभवी मार्गदर्शकाशिवाय त्या करू देत नाहीत.

मन भरकटण्याबद्दल: भरकटलं हे लक्षात आलं की स्वतःला रागवू नका. रागावण्यात आणखी दोन मिनिटं जातात. जिथे सोडलं तिथे त्याच शब्दावर परत या. तीच काळजी पुन्हा पुन्हा येत असेल तर ती अडथळा नाही, तोच आजचा प्रार्थनेचा विषय आहे. कामाची आठवण असेल तर वहीत दोन शब्द लिहून टाका, ती शांत होते. आणि शिक्षा म्हणून वेळ कधीही वाढवू नका. चौथ्या शतकातल्या एवाग्रियस या संन्याशाने दुपारच्या उबगाचं फार बारीक वर्णन केलं आहे. सूर्य जागचा हलत नाही असं वाटतं आणि संन्यासी खिडकीबाहेर डोकावत राहतो. त्याचा सल्ला होता की आपली खोली सोडायची नाही. आपल्यासाठी त्याचा अर्थ एवढाच, की ठरलेली वीस मिनिटं बसा, एकविसाव्या मिनिटाला उठा, मन लागलं असो वा नसो.

निवांत

रात्रीच्या दहा मिनिटांसाठी जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांची परीक्षणाची रीत सुचवतो. त्यांच्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकाला पोप तिसरे पॉल यांनी १५४८ मध्ये मान्यता दिली आणि त्यात ती पाच टप्प्यांत दिली आहे: उपकारस्तुती, प्रकाशाची मागणी, दिवसाची उजळणी, क्षमायाचना, उद्याचा निश्चय.

लोक पहिले दोन टप्पे उरकून थेट तिसऱ्यावर जातात. मग परीक्षणाची जागा आरोपपत्र घेतं आणि आठवड्याभरात ते नकोसं होतं. निदान तीन मिनिटं आभारांना द्या, आणि नावानिशी: अमक्याने दरवाजा धरला, मुलाची झोप नीट झाली. नुसतं "सगळ्याबद्दल धन्यवाद" म्हटलं की मन तिथे टेकत नाही. प्रकाश मागायचा तो यासाठी, की दिवस आपल्या नजरेने न बघता त्याच्या नजरेने बघता यावा. उजळणीत अख्खा दिवस घेऊ नका, एक-दोन प्रसंग पुरेत. कुठे प्रेम, शांती, धीर वाढला? कुठे मन आकसलं? निश्चय करायचा तो उद्याच्या एका ठरावीक वेळेचा. "चिडणार नाही" हा निश्चय टिकत नाही. "घरी आल्यावर पहिली दहा मिनिटं फोन हातात घेणार नाही" हा टिकतो.

अंथरुणात पडून करू नका, झोप लागते. जेवणानंतर खुर्चीत बसून करा. आणि ज्यांचं मन क्षुल्लक गोष्टींतही पाप शोधून स्वतःला छळतं, त्यांनी हे पाच मिनिटांतच संपवावं, उजळणी एकाच प्रसंगाची ठेवावी, आणि आपल्या पाळकांशी किंवा पापनिवेदन ऐकणाऱ्या फादरांशी एकदा स्पष्ट बोलावं. अशा मनाला जास्त परीक्षणाने बरं वाटत नाही, त्रास वाढतो.

पहाटदिवा

खूप उपयोगी, मनापासून आभार. सकाळचं उद्यापासून सुरू करते. पुढच्यासाठी दोन शंका: उपासाच्या दिवशी अकरा वाजताच डोकं दुखायला लागतं, मग प्रार्थना कसली? आणि लहान मुलांच्या घरात शब्बाथ शक्य तरी आहे का?

शुक्रवारकर

अकराची डोकेदुखी पुष्कळदा चहा-कॉफी एकदम तोडल्याची असते, केवळ भुकेची नव्हे. आधीच्या चार-पाच दिवसांत रोज अर्धा-अर्धा कप कमी करत आणा. पाणीही सकाळपासून थोडं थोडं पीत राहा, कारण उपास अन्नाचा आहे, पाण्याचा नाही.

पहिला महिना आठवड्यातून एकच जेवण सोडा, शुक्रवारी दुपारचं. दुसऱ्या महिन्यात गुरुवारी रात्री जेवल्यानंतर शुक्रवारी दुपारी तीनपर्यंत. यापलीकडे जायची घाई नको. बुधवार-शुक्रवारचा उपास फार जुना आहे, 'दिदाखे' या प्रारंभीच्या मंडळीच्या लहानशा ग्रंथातही तो सांगितला आहे. तीन वाजण्याला अर्थ आहे, ती प्रभूच्या मरणाची घटका. मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्लीही आपल्या लोकांना तिथपर्यंत उपास करायला सांगत. कॅथलिक नियम सौम्य आहे: राखेचा बुधवार (ईस्टरआधीच्या उपासकाळाचा पहिला दिवस) आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी, १८ पूर्ण झालेल्यांपासून साठाव्या वर्षात पाऊल ठेवेपर्यंत, एक पूर्ण जेवण आणि दोन अल्पाहार. मांसवर्ज मात्र १४ पूर्ण झाल्यापासून.

सोडलेल्या जेवणाच्या वेळेत काय करणार हे आदल्या दिवशी ठरवा. ही पायरी सगळ्यात जास्त वेळा गळते. तो अर्धा-पाऊण तास कामात गेला तर तो उपास राहत नाही, नुसतं जेवण चुकलेलं असतं. एक स्तोत्र आणि एका माणसासाठी मध्यस्थी एवढं पुरतं. भुकेची कळ आली की त्याच माणसाचं नाव घ्या. आणि त्या जेवणाचे पैसे बाजूला काढून गरजूला द्या. दुसऱ्या शतकातल्या 'हर्मासचा मेंढपाळ' या ग्रंथात हाच हिशेब आहे: न खाल्लेल्या अन्नाची किंमत मोजा आणि विधवेला किंवा अनाथाला द्या. जुन्या करारातल्या यशया या पुस्तकाचा ५८ वा अध्याय वाचलात तर कळेल की देवाला दानाशिवायचा, न्यायाशिवायचा उपास का नको होता.

सोडताना हलकं आणि थोडं खा. मधुमेह, गरोदरपण, अंगावर पाजणं, चालू औषधं, किंवा खाण्याशी संबंधित आजार आधी झालेला असेल तर अन्नाचा उपास करूच नका. बातम्या, मालिका, खरेदी यांतलं काही सोडा. तो कमी दर्जाचा उपास ठरत नाही.

आणखी एक: चिडचिड वाढली तर ती लपवू नका. अन्नाने झाकून ठेवलेलं काय होतं ते तेव्हा दिसतं. रात्रीच्या परीक्षणात तेच घ्या.

मोहरीदाणा

शब्बाथ शक्य आहे, पण २४ तासांनी सुरुवात करू नका. उपासनेनंतरचे चार तास घ्या. तीन गोष्टी बंद: कार्यालयाचे निरोप, खरेदी, घरातली राहिलेली कामं. खेळ, झोप, चालणं, लोकांना भेटणं सगळं चालू. दोन महिन्यांनी आदल्या संध्याकाळपासून धरा.

लहान मुलांच्या घरात धोका असा, की एक विसावा घेतो आणि दुसऱ्याच्या वाट्याला त्याचंही काम येतं. निर्गम या पुस्तकाच्या २० व्या अध्यायातली शब्बाथाची आज्ञा पुन्हा वाचा. तिथे मुलगा, मुलगी, दास, दासी, जनावरं, परका, सगळ्यांची नावं घेतली आहेत. अनुवाद या बायबलमधल्या पुस्तकाचा ५ वा अध्याय कारणही सांगतो: तुम्ही मिसरात दास होता. म्हणून स्वयंपाक शनिवारी दोघांनी मिळून उरकावा, आणि त्या चार तासांचे दोन-दोन भाग करावेत. आधी एकाकडे मुलं आणि दुसऱ्याला पूर्ण मोकळीक, मग अदलाबदल. मुलांसाठी त्या दिवसाची एक खूण ठेवा, त्याच दिवशी पेटणारी मेणबत्ती किंवा त्याच दिवशी निघणारं गोष्टींचं पुस्तक. चार वर्षांच्या मुलालाही ती कळते.

जैतूनसावली

एक राहिलं. हे सगळं कुणाला सांगायचं? मत्तयच्या सहाव्या अध्यायात दान, प्रार्थना, उपास तिन्ही गुप्तपणे करायला सांगितलं आहे, आणि याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात एकमेकांजवळ पापं कबूल करायला. दोन्ही पाळता येतं. मंडळीत किंवा गटात जाहीर करू नका, पण एका विश्वासू व्यक्तीला सांगा. पंधरा दिवसांतून एकदा वीस मिनिटं भेटा किंवा फोन करा. तिने "किती दिवस केलं?" असं विचारू नये, दिवस मोजणं सुरू झालं की चुकलेला दिवस लपवावासा वाटतो. तिने विचारावं, "घरातल्यांशी वागणं कसं चाललंय?" पहिल्या भेटीची तारीख आजच ठरवून टाका, सहा आठवडे संपायची वाट पाहू नका. बहुतेकांचं तिसऱ्या आठवड्यातच अडतं.