ह्यूग कापेची ‘निवड’ हे निव्वळ नाटक होतं

रानवाट: फ्रान्सचं कापे राजघराणं निवडीतून आलं, म्हणजे सरदारांनी ह्यूग कापेला राजा निवडलं, असं सर्रास लिहितात. मला पटत नाही. मे 987 मध्ये सम्राट शार्लमेनच्या वंशातला राजा पाचवा लुई शिकारीत पडून मेला. मूलबाळ नव्हतं, पण काका शार्ल धडधाकट होता. तरी रँसचा आर्चबिशप आदालबेरो साँलिस गावी भरलेल्या सरदारांच्या सभेत म्हणतो, गादी नुसत्या रक्ताने मिळत नाही! याच आदालबेरोवर लुईने राजद्रोहाचा आरोप ठेवला होता. लुई गेला, ह्यूगने त्याला निर्दोष सोडवलं आणि त्याने लगेच ह्यूगचं नाव पुढे केलं. साटंलोटंच की हे.

चष्मेवाला: असहमत. शार्ल जर्मन सम्राटाचा मांडलिक होऊन ड्यूक झालेला, वर बायको हलक्या सरदारघराण्यातली. सरदारांना खुपणारच. आणि ह्यूग कुठला उपरा? त्याचा आजोबा रॉबेर आणि आजोबांचा भाऊ ओदो, दोघंही राजे झाले होते.

रानवाट: निवडीवर एवढा भरवसा होता, तर ह्यूगने त्याच नाताळात ऑर्लेआँला आपल्या पोराचा राजा म्हणून अभिषेक का उरकला? म्हणे बार्सिलोनाचा सरदार बोरेल याच्या मदतीला जायचंय, मी मेलो तर? आदालबेरोसुद्धा कुरकुरला, एका वर्षात दोन राजे कसे? ह्यूगने बोरेलचं पत्र पुढे केलं. अभिषेक झाला, बार्सिलोनाला मात्र ह्यूग कधीच गेला नाही.

तिखटजाळ: अहो, 987 मध्येच काय अडकलात? पुढच्याच वर्षी शार्लने लाँ शहर घेतलं, मग रँसही. ह्यूगचे वेढे फुकट गेले. 991 मध्ये झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरआधीचा रविवार) सुमारास लाँचा बिशप आसलँ शार्लबरोबर जेवायला बसला. शार्लने वाइनमध्ये भाकरी कुस्करून प्याला पुढे केला: इमान राखणार असशील तरच पी. गडी प्यायला, आणि त्याच रात्री शार्लला झोपेत पकडून दिलं. घराणं टिकलं ते या प्याल्यामुळे. (हे लिहिणारा इतिहासकार भिक्षू रिशेर आदालबेरोच्या रँसचाच, तेव्हा थोडं मीठमसाला धरा.)

चष्मेवाला: प्याला झकास. पण रानवाट, पोराच्या अभिषेकाचा मुद्दा तुमच्यावरच उलटतो. 1179 पर्यंत कापे राजे बहुधा हयातीतच मुलाला अभिषेक करवत होते. निवड नाटकच असती, तर ही धास्ती कशाची?