एचआयव्हीच्या रुग्णाला कोड कोणता, बी२० (एचआयव्ही आजार) की झेड२१ (लक्षणांविना एचआयव्ही संसर्ग)? चार्टमध्ये नक्की काय लिहिलेलं हवं?

प्रश्न
आयसीडी-१०-सीएमबद्दल (अमेरिकेतली निदानांच्या कोडची यादी) विचारतोय. इनपेशंट (भरती रुग्णाच्या) चार्टमध्ये एवढंच आहे: 'एचआयव्ही पॉझिटिव्ह, एआरटी चालू, सीडी४ १८०, न्यूमोनिया.' (एआरटी म्हणजे एचआयव्हीवरची औषधं, सीडी४ म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या.) टीममध्ये दोन तट पडलेत.

उत्तर १
दोन्ही कोड बाजूला ठेवा, आधी डॉक्टरांना क्वेरी (नोंद स्पष्ट करण्याची लेखी विचारणा) पाठवा. लक्षणं नसलेल्या रुग्णाला नुसतं 'एचआयव्ही पॉझिटिव्ह' लिहिलं असेल तर झेड२१. 'एड्स' किंवा 'एचआयव्ही डिसीज' लिहिलं असेल, किंवा एचआयव्हीशी संबंधित आजारावर उपचार चालू असतील, तर बी२०. तुमचं घोडं अडलंय ते न्यूमोनियावर: तो एचआयव्हीमुळे आहे का, हे डॉक्टरांनी लिहिलेलंच नाही. सीडी४ २०० च्या खाली गेला म्हणून कोडरने एड्स ठरवायचं नसतं, निदान डॉक्टरांचंच.

क्वेरीत उत्तर सुचवू नका. 'न्यूमोनियाचा प्रकार आणि एचआयव्हीशी संबंध स्पष्ट करावा' असं विचारून पर्याय द्या: संबंधित, असंबंधित, इतर, सांगता येत नाही.

न्यूमोसिस्टिस (एचआयव्हीत होणारा बुरशीजन्य न्यूमोनिया) निघाला आणि त्यासाठीच भरती असेल, तर आधी बी२०, मग त्या न्यूमोनियाचा बी५९. हाच रुग्ण हाड मोडून आला असता तर फ्रॅक्चर आधी, बी२० नंतर.

उत्तर २
जुने चार्ट जरूर उघडा. एकदा एचआयव्हीजन्य आजार नोंदला गेला की पुढच्या प्रत्येक भेटीला बी२०च. तब्येत ठणठणीत असली तरी झेड२१ किंवा आर७५ (एचआयव्ही चाचणी अनिर्णित) कडे परत जाता येत नाही. 'एचआयव्ही डिसीज' लिहिलंय आणि एआरटी चालू आहे, तरीही बी२०; सोबत झेड७९.८९९ (दीर्घकाळ चालणारं औषध) लावता येतो.

इनपेशंटला 'प्रॉबेबल', 'सस्पेक्टेड' लिहिलेलं निदान एरवी पक्कं धरून कोड करतात. एचआयव्हीला ती सूट नाही. मात्र डॉक्टरांनी निदान ठामपणे लिहिलं असेल तर चार्टमध्ये लॅब रिपोर्ट असलाच पाहिजे असं नाही. रिपोर्ट अनिर्णित असेल तर आर७५.

प्रश्नकर्ता
आणि औषधांच्या यादीत फक्त टेनोफोव्हिर-एमट्रिसिटाबिन दिसलं तर?

उत्तर १
त्यावरून एचआयव्ही धरलात तर फसाल. हीच गोळी प्रेपसाठीही (एचआयव्ही होऊ नये म्हणून आधीच घ्यायचं औषध) देतात, त्या भेटीला झेड२९.८१ (१ ऑक्टोबर २०२३ पासून). टेनोफोव्हिर तर हिपॅटायटिस बी लाही चालतं. एचआयव्हीशी निव्वळ संपर्क आला असेल तर झेड२०.६.

उत्तर ३
गरोदर रुग्णात ओ९८.७ गटातला (गरोदरपणातला एचआयव्ही) कोड आधी, मग बी२० किंवा झेड२१. नवजात बाळाची अँटिबॉडी टेस्ट पॉझिटिव्ह आली तरी त्या आईकडून आलेल्या अँटिबॉडी असू शकतात, म्हणून बाळाला संसर्ग झालाय असं डॉक्टरांनी लिहीपर्यंत आर७५.