कोकणातल्या घळी, गुहा आणि कुंडं: तुमचे अनुभव सांगा

मे महिना जवळ आला की कोकणात जाणाऱ्यांचे प्रश्न ठरलेले. समुद्र कुठला चांगला, मासे कुठे खायचे, एसी खोली मिळेल का. वाळूचा किनारा सोडून जरा आडबाजूच्या पाण्याबद्दल बोलावं म्हणून हा धागा. खडकातली घळ, धबधब्याखालचा डोह, पाणी झिरपणारी गुहा, गरम पाण्याचं कुंड, काहीही चालेल. पाण्यात उतरलात की नुसतं बघितलंत, कुणी अडवलं का, तेही लिहा. 'खूप छान जागा, नक्की जा' एवढंच लिहायचं असेल तर कृपया नको.

सुरुवात मीच करतो. हेदवीची बामणघळ. उमामहेश्वराच्या देवळापासून समुद्राकाठच्या खडकांवर, म्हणजे खडपावर, उतरलं की काळ्या कातळात एक अरुंद, लांबट चीर दिसते. ओहोटीला तिथे बघण्यासारखं काही नसतं. लोक वाकून बघतात, तळाशी जरा पाणी खळखळत असतं, 'हेच का ते?' म्हणून गाडीकडे परततात. भरती चढायला लागली की लाट त्या चिरेत शिरते. पुढे वाट निमुळती होत जाते, पाण्याला पसरायला जागा उरत नाही, आणि शेवटच्या टोकाला ते सरळ वर उसळतं. आधी आतून दबलेल्या हवेचा हुंकार येतो, मग पाणी. आम्ही बरेच मागे उभे होतो, तरी चष्म्यावर उडालेले थेंब वाळून मिठाचे पांढरे ठिपके राहिले होते. पोहायची जागा अजिबात नाही. कडेला शेवाळ आहे आणि आत पडलेला माणूस वर काढणं अवघड.

गुहागरचा खारवी

वर भरतीचा विषय निघालाच आहे तर वेळ कशी काढायची ते सांगतो. आमच्याकडे मोबाइल यायच्या आधीपासूनचा हिशोब आहे. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, तेवढे वाजता पूर्ण भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. पुनवेला-अवसेला सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण फिरायला येणाऱ्याला पुरे. पुनव-अवसेला उधाण, पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा समुद्र त्यातल्या त्यात मवाळ. घळ बघायची तर उधाणाच्या दिवसांत दुपारी अकराच्या पुढे जा. खडपात फिरायचं तर भांगाच्या दिवशी, दुपारी. पावसाळ्यात दोन्ही नको.

श्रीवर्धनची सून

खारवीदादा, हाच हिशोब सासूबाईंनी मला लग्नानंतर शिकवला, कालनिर्णय समोर ठेवून! हरिहरेश्वरला प्रदक्षिणेची वाट डोंगरावरून पायऱ्यांनी खाली समुद्राकडे उतरते आणि मग खडकांवरून देवळाकडे वळते. तिथला कातळ वारा आणि खाऱ्या पाण्याने असा कोरलाय की भिंतभर मधमाश्यांचं पोळं वाटावं. मुलं त्या भोकांत बोटं घालत बसतात. पण ही वाट फक्त ओहोटीची. भरतीत खडकांवर लाटा येतात आणि माणसं ओढली गेलेली आहेत, सेल्फीपायी तर फारच. एकदा आम्ही पायऱ्यांच्या तोंडाशीच होतो, तर नारळ विकणाऱ्या मावशी ओरडल्या, "पानी चरलाय, आता उतरू नका." पुण्याहून आलेले पाहुणे नाराज झाले. मी मात्र मावशींचं ऐकलं, इथे पाटीपेक्षा माणसाचं ऐकावं. आणि चपला काढू नका. कालवं चिकटलेल्या दगडाने तळपाय कापला की मिठाच्या पाण्यात तो दिवसभर चुरचुरतो.

रत्नांग्रीकर, सध्या परदेशी

माझा अनुभव कोकणाबाहेरचा आहे, पण विषयाला धरून आहे. मेक्सिकोत युकातानला सेनोटे बघितले. तिथे सगळा चुनखडक. पाणी तो विरघळवत जातं, खाली गुहा होतात, आणि कुठे छत कोसळलं की वरून विहिरीसारखा गोल खड्डा, आत निळंशार गोडं पाणी. बहुतेक ठिकाणी आधी शॉवर घ्यायला लावतात, अंगाला सनस्क्रीन चालत नाही, लाइफ जॅकेट घालूनच शिडीने उतरायचं. पाणी बारा महिने साधारण चोवीस-पंचवीस अंश. बायकोला म्हटलं, आपल्याकडे असं का नाही? तर आपल्याकडे खाली काळा दगड, वर जांभा. काळा दगड चुन्यासारखा विरघळत नाही. जांभ्याखालचा चिकणमातीचा थर मात्र पाण्याने वाहून जातो आणि सड्याखाली, म्हणजे जांभ्याच्या माळाखाली, पोकळ्या होतात. आमच्या शेजारच्या सड्यावर बैलगाडीचं चाक अशाच एका पोकळीत गेलं होतं. तिथे पोहायला मात्र कुणी उतरणार नाही, आत वटवाघळं आणि काळोख.

राजापूर

परदेशी भाऊ, सड्याखालच्या पाण्याची गोष्ट निघाली तर आमची गंगा विसरून कसं चालेल? उन्हाळे गावच्या सड्यावर 14 कुंडं. एरवी कोरडी, आणि एक दिवस अचानक पाणी. पूर्वी साधारण तीन वर्षांनी यायची आणि दोन-तीन महिने राहायची, आता वेळापत्रक पक्कं धरता येत नाही. जमिनीखालची पोकळी भरत जाते आणि एका पातळीला पोचली की वक्रनलिकेसारखी रिकामी होते, असं एक स्पष्टीकरण देतात. वेगवेगळ्या कुंडांतल्या पाण्याच्या उष्णतेत फरक लागतो, हे हात घालून बघितलंय. आजी आधी खाली उन्हाळे गावातल्या गरम झऱ्यावर आंघोळ करायला लावायची, मग गंगा, मग धूतपापेश्वराचं देऊळ. गंगा आल्याची बातमी पेपरात छापून येते, त्यामुळे हुकायची भीती नाही, गर्दीची आहे.

चिपळूणचा नातू

लहान मुलं बरोबर असतील तर आरवलीची गरम कुंडं. महामार्गालगतच आहेत, गाडीतून उतरून पाच मिनिटांत पाण्यात. साबण लावू नका.

माणगावकडून

देवकुंड धबधब्याबद्दल कुणीतरी लिहायलाच हवं, रिळं बघून येणारे वाढलेत. भिऱ्याहून जंगलातून दोनेक तासांची चाल, गावातला वाटाड्या घ्या. कुंड खोल आहे, वरून निळं-हिरवं दिसतं, आणि ऐन उन्हाळ्यातही पाण्यात पाय टाकला की दात वाजतात. धारेखाली जायचं नाही, वरून दगड येतो. पावसाळ्यात प्रशासन बंदी घालतं ती योग्यच आहे, परतीच्या वाटेवरचा ओढा तासाभरात चढतो. आमच्या गावच्या पोरांनी दोरी लावून माणसं पलीकडे काढलीत. त्यावर 'एवढं काही नसतं' म्हणणारे मला भेटले आहेत, त्यांच्याशी वाद घालणं मी सोडलंय.

वेंगुर्ल्यातसून

आमच्या समोरच्या बेटांवरल्या गुहांत पाकोळ्या घरटी करतत, आपल्या लाळेची. काळोखात टकटक आवाज काढून त्याच्या पडसादावर वाट शोधतत. घरट्यांची चोरी व्हायची, परदेशात त्याचा सूप करतत म्हणान. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेन राखणीचा काम केला. होडयेन लांबसून बघा, आत शिरा नको.

सावंतवाडीची

आंबोलीचं हिरण्यकेशी राहिलं. गुहेत देऊळ, आतूनच नदी निघते. समोरच्या कुंडात लहानसे मासे दिसतात; त्यातली एक जात शास्त्राला नवी म्हणून 2020 साली नोंदली गेली, हिरण्यकेशीचंच नाव तिला मिळालं, आणि 2021 मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. म्हणून त्या पाण्यात उतरू नका, निर्माल्य टाकू नका. पोहायचंच असेल तर खाली गावात कुणाच्या तरी व्हाळातला (ओढ्यातला) डोह विचारून घ्या, मे संपायच्या आत. आमच्याकडे मुलं आंब्याच्या पेट्या भरून झाल्या की तिथेच जातात.