‘अडीच बीएचके’ बँकेच्या हिशेबात किती?

(घोडबंदर रोड, ठाणे. सोसायटीचा ग्रुप)

ए-६०३: आपल्या विंगमधले ०३ लाइनचे (प्रत्येक मजल्यावरचे ३ नंबरचे) फ्लॅट ब्रोकर ‘अडीच बीएचके’ म्हणून दाखवतायत. बँकेचा व्हॅल्युअर, म्हणजे घराची किंमत ठरवायला येणारा माणूस, बेडरूम किती धरतो? उद्या घेणाऱ्याचं लोन अडकायला नको.

बी-२०४: दोनच. तुमच्या लाइनच्या त्या लहान खोलीला ओसीसोबतच्या (भोगवटा प्रमाणपत्रासोबतच्या) मंजूर नकाशात ‘स्टोअर’ लिहिलंय. व्हॅल्युअर दाराची बेल वाजवायच्या आधी नकाशा बघतो. आत पलंग टाका, वॉर्डरोब करा, एसी बसवा, रिपोर्टात ‘मंजूर नकाशाप्रमाणे २ बीएचके, स्टोअरचा वापर बेडरूम म्हणून’ असंच येणार. बिल्डरच्या ब्रोशरला इथे काडीची किंमत नाही.

ए-६०३: पण काका, खोलीला दार आहे, खिडकी आहे. मग स्टोअर का लिहिलं?

सी-११०१: कारण ती राहण्याच्या खोलीच्या मापात बसत नाही. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ प्रमाणे घरात दोन खोल्या असतील तर एक किमान ९.५ चौ. मी. आणि दुसरी किमान ७.५ चौ. मी. लागते. म्हणजे साधारण १०२ आणि ८१ चौ. फूट. दुसऱ्या खोलीची रुंदीही २.१ मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे पावणेसात-सात फुटांपेक्षा, कमी चालत नाही. तुमची खोली साडेसहा बाय आठ, म्हणजे ५२ चौ. फूट. क्षेत्रफळातही नापास, रुंदीतही नापास.

आणि खिडकी उघडते कुठे? डक्टमध्ये. डक्ट म्हणजे पाइपांसाठीची उभी पोकळी, ती टॉयलेट-बाथरूमसाठी. झोपायच्या खोलीची खिडकी बाहेरच्या मोकळ्या जागेकडेच हवी. आपल्यासारख्या दमट उष्ण हवेत त्याच संहितेत दारं सोडून खोलीच्या एक षष्ठांश एवढी उघडी जागा धरलीय. १० बाय १० च्या खोलीला जवळपास १७ चौ. फूट. खिडकीचा काही भाग फिक्स काचेचा असेल तर उघडणारा भागच मोजायचा. नवीन टॉवरमधल्या भल्यामोठ्या काचा बघून लोक फसतात ते इथेच.

बी-५०२: नेटवर वाचलं की भिंतीतलं कपाट नसेल तर बेडरूम धरत नाहीत?

बी-२०४: ते अमेरिकेतलं वहिनी, आणि तिथल्या कोडमध्येही कपाटाची सक्ती नाही, बाजाराची सवय आहे. तिथे खोली किमान ७० चौ. फूट, कुठलीही बाजू ७ फुटांपेक्षा कमी नको, आणि आग लागली तर बाहेर पडता येईल अशी खिडकी हवी: ५.७ चौ. फूट मोकळी जागा, खालची कड जमिनीपासून ४४ इंचांच्या आत. आपल्याकडचा व्हॅल्युअर हे मोजत नाही. पण खिडकीचा मुद्दा मनावर घ्याच. बॉक्स ग्रिल चारही बाजूंनी वेल्ड करून टाकू नका. एक झडप उघडणारी ठेवा आणि तिच्या कुलपाची किल्ली त्याच खोलीत टांगा.

सी-७०४: बाल्कनी बेडरूममध्ये घेतली तर? खोली मोठी होते म्हणून भाव जास्त मिळेल ना?

बी-२०४: खोलीत मिळवून नाही मिळत. २०१६ च्या रेरा (स्थावर मालमत्ता) कायद्यात कार्पेटमध्ये, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या क्षेत्रफळात, आतल्या पार्टिशनच्या भिंती धरतात, बाल्कनी धरत नाहीत. अ‍ॅग्रीमेंटमध्ये बाल्कनीचं माप दिलेलं असेल तर रिपोर्टात ते वेगळ्या ओळीत येतं, आणि शेजारी ‘बाल्कनी बेडरूममध्ये समाविष्ट, मंजुरी आढळली नाही’ हा शेरा. हा शेरा बँकेच्या लीगलवाल्याला नक्की दिसतो.

सी-११०१: ७०४, तुम्ही तर हात लावूच नका. सी विंग मिव्हानची आहे, म्हणजे साच्यात काँक्रीट ओतून भिंती-स्लॅब एकत्र बांधलेली. बेडरूम आणि बाल्कनीमधली भिंत विटांची नाही, आरसीसी (सळई-काँक्रीटची) आहे, वरच्या मजल्यांचा भार तिच्यावर येतो. ती कापली की प्रश्न एका फ्लॅटचा राहत नाही.

ए-बी विंगला ब्लॉकची भिंत आहे, तिथे वेगळी भानगड. बाल्कनीची लेव्हल खाली असते, ती खोलीला मिळवायला लोक भराव टाकतात. ३ इंच सिमेंटचा भराव म्हणजे चौरस मीटरला दीडशे किलोच्या वर. ४० चौ. फुटांच्या बाल्कनीवर साधारण पावणेसहाशे किलो, वर टाइल्स वेगळ्या. बाहेर लोंबणाऱ्या स्लॅबवर हे कायमचं वजन. मग भिंतीच्या रेषेत वरून तडा जातो, त्यातून पाणी, पाण्याने सळई गंजते.

शिवाय दर्शनी भाग बदलतो, म्हणून महापालिकेची परवानगी लागते. फक्त आतल्या बदलाला १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम ४३ मध्ये सूट आहे, पण सोसायटीची लेखी परवानगी तेव्हाही हवीच.

बी-५०२: आणि किचनची बेडरूम करून ओटा ड्राय बाल्कनीत (किचनला लागून असलेल्या कपडे धुण्या-वाळवण्याच्या बाल्कनीत) नेला तर?

सी-११०१: व्हॅल्युअर नकाशातली खोलीच लिहिणार, किचन म्हणजे किचन. शिवाय गॅसची पाइपलाइन स्वतःच्या मनाने हलवता येत नाही, ते गॅस कंपनीचं काम.

ए-६०३: एक बेडरूम कमी धरली तर पैशात नेमका फरक काय?

बी-२०४: बँक बेडरूमच्या संख्येवर पैसे देत नाही, कार्पेट गुणिले दर असा हिशेब असतो. फरक दरात पडतो. २ बीएचके असेल तर आसपासच्या २ बीएचकेच्या व्यवहारांशी तुलना होते. ब्रोकरने ‘अडीच’च्या भावाने ९५ लाखांना सौदा केला आणि व्हॅल्युएशन ८८ आलं, तर बँक कमी आकडा धरते. ७५ लाखांच्या वरच्या लोनला रिझर्व्ह बँकेची मर्यादा घराच्या किमतीच्या ७५ टक्के. लोन ७५ लाख किंवा खाली आलं की ८० टक्क्यांपर्यंत जाता येतं. ८८ चे ८० टक्के म्हणजे ७०.४ लाख. ९५ वर ७५ लाख मिळतील असं धरून चाललेल्या माणसाला ४ लाख ६० हजार ऐनवेळी उभे करावे लागतात. सौदे तुटतात ते इथे. टोकन घेण्याआधीच घेणाऱ्याला नकाशा दाखवा.

ए-६०३: मग जाहिरातीत काय लिहू?

बी-२०४: ‘२ बीएचके आणि स्टोअर’, पुढे अ‍ॅग्रीमेंटमधलं कार्पेट, बाल्कनी वेगळी. व्हिजिटच्या दिवशी अ‍ॅग्रीमेंट, इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), ओसी, नकाशा, शेअर सर्टिफिकेट आणि चालू टॅक्स पावती एका फाइलमध्ये ठेवा. लेझरने प्रत्येक खोली मोजतात, फोटो काढतात, तेव्हा स्टोअरचं दारही उघडं ठेवा. बंद खोली दिसली की उलट प्रश्न वाढतात.

बी-९०२ (सेक्रेटरी): ए आणि बी विंगचे ओसीचे नकाशे ऑफिसमध्ये आहेत, झेरॉक्स मिळेल. सी विंगचा ओसीचा सेट बिल्डरकडून आलेला नाही. महारेराच्या साइटवर मंजूर नकाशे आहेत, तोवर ते बघा. महापालिकेच्या शहर विकास विभागात सर्टिफाइड कॉपीसाठी माहिती अधिकाराचा अर्ज सोमवारी सोसायटीतर्फे टाकतोय, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. ७०४, तुमचं तोडकामाचं पत्र कमिटीकडे आलंय, ते मागे घ्या.

सी-७०४: हो, मागे घेतो.