विषय: ट्रेलरच्या ७ पिन सॉकेटला करंट नाही, शनिवारच्या आत हवं

मंडळी,
आपल्या इथल्या परदेशातल्या मंडळाचा ट्रेलर माझ्या पिकअपला जोडला. टेललाइट, इंडिकेटर, ब्रेक लाइट सगळं लागतं. आतल्या बॅटरीला मात्र चार्जिंग नाही, त्यामुळे आतले दिवे बंद. सॉकेटमध्ये बारा व्होल्टच्या पिनला मीटर शून्य दाखवतं, इंजिन चालू करूनही. फ्यूज काढून पाहिला, चांगला आहे. शनिवारी भरिताचं सगळं सामान ह्यातच जायचंय. लवकर सांगा.
आबा (मूळ गाव सावदा, खानदेश)

आबा,
फ्यूज नुसता डोळ्यांनी पाहू नका. जागेवर ठेवून त्याच्या दोन्ही टोकांना करंट आहे का तपासा. एकीकडे आहे, दुसरीकडे नाही, तर फ्यूज गेला. दोन्हीकडे नसेल तर रिले (करंट चालू-बंद करणारा स्विच) किंवा फ्यूज बॉक्सकडे येणारी वायर बघा. काही पिकअपमध्ये ही वायर कंपनीतून जोडलेलीच येत नाही. टोकाला टेप गुंडाळून फ्यूज बॉक्सजवळ सोडून दिलेली असते.
नाना

अर्थिंग बघा आधी! सावद्याला केळीच्या हंगामात आमच्या ट्रॉलीचे दिवे असेच जायचे. वायरमन होल्डरला दोन वायरी काढलेला बल्ब घेऊन यायचा, मीटर कधी नाही. लूज कॉन्टॅक्ट असला तरी मीटर बारा व्होल्ट दाखवतं, पण बल्बचा भार पडला की तिथेच करंट संपतो. आबा, मीटरची काळी वायर पांढऱ्या, म्हणजे अर्थिंगच्या, पिनला लावली होती की चासीला?
जिभाऊ

जिभाऊ, बल्बचं शंभर टक्के मान्य. पण पांढरी वायर खराब असती तर इंडिकेटर दिला की बाकीचे दिवेही मिणमिणले असते. आबांचे दिवे नीट लागताहेत. अर्थिंगमागे वेळ घालवू नका.
नाना

बॅटरीवरून सरळ वायर ओढायचा विचार कुणी करू नये. मध्ये फ्यूज नसेल आणि वायर कुठे घासली तर आग लागेल. ट्रेलरच्या सामानाची यादी माझ्याकडे आहे. मला विचारल्याशिवाय त्यातलं काही हलवू नका. बडगी (भरीत ठेचायचं लाकडी भांडं) आणि मोठी पातेली मागच्या कोपऱ्यात बांधलेली आहेत, तिथेच राहू द्या. आणि वांगी भाजायला काड्या कोण आणतंय? गॅसवर भाजलेल्या वांग्याला भरीत म्हणायचं नाही, हे मागेच ठरलंय.
ताई (मूळ गाव भुसावळ)

काड्यांचं मी बघतो ताई. कपाशीच्या इथे मिळत नाहीत, सफरचंदाच्या छाटलेल्या आणतो. वास चांगला येतो.
जिभाऊ

नाना, सापडलं. काळी वायर पांढऱ्या पिनलाच होती, चासीला लावूनही शून्यच. फ्यूजच्या दोन्ही टोकांना करंट नव्हता. फ्यूज बॉक्सच्या बाजूला, बोनेटच्या कडेला, टेप गुंडाळलेली जाड लाल वायर होती. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली, मग ती लाल वायर फ्यूज बॉक्सच्या स्टडला (बोल्टला) बसवली आणि नट आवळला. सॉकेटला जिभाऊंचा बल्ब लावला, लख्ख पेटला. ताई, वायर फ्यूजमधूनच जाते.
आबा

आबा, आता इंजिन बंद करून बल्ब लावून बघा. तरीही पेटला तर ती लाइन कायम चालू आहे. मग पार्कमध्ये गाडी उभी असताना सॉकेटमधून ट्रेलरचा प्लग काढून ठेवा, नाहीतर आतले दिवे पिकअपचीच बॅटरी उतरवतील.
नाना

पेटतोय. काढून ठेवतो.
आबा

मग अंधारात भांडी कशी आवरायची? ट्रेलरची बॅटरी शुक्रवारी रात्रीच घरी चार्जरला लावा. चार्जर माझ्याकडे आहे, सहानंतर या.
ताई